बसता येईल असा बंपर

काय सांगू भाऊ तुम्हाला, माजा जन्मच वाटंवरचा. मेंढरांमागं फिरणारी माणसं आमी, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, माळशेज उतरून कोकणात जायचं, आन् पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. तसंच येताना पिंपळवंडीला एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती, तिथं सकाळच्या पारी मी झाले, आन् दुसऱ्या दिवशी आय मला पाटीत घालून चालाय लागली. म्हणून मला अजून एका जागी बसवत न्हाई.

लगीन होऊन आले ती हितं आण्याच्या पठारावर. आमच्यातच दिली, म्हंजे परत मेंढरंच. मामंजी, म्हंजे माजे सासरे, काय माणूस व्हता! एवढी मेंढरं, पर एकेकीला तोंडावरनं वळखायचे, आन् बोलायचे माणसांशी कमी, मेंढरांशी जास्त. थंडीचं पठारावर वारं असं सुटतंय, हाडात शिरतंय, तवा ते वाघरात, म्हंजे मेंढरांभवती जाळं लावतो त्यात, जाऊन मेंढरांना पाठ लावून बसायचे. मीबी बसायचे, नव्या नवरीला लाज वाटायची, पर थंडी काय लाज बघती व्हय? पाठीला ती ऊब, त्येंचं ते सावकाश रवंथ करणं, डोळं मिटलं की वाटायचं आपणबी त्यातलंच येक हाये, उद्या कुठं जायचं त्ये आपल्याला ठावं नसलं तरी चालतंय.

मग पुढं चरायला रान राहिलं न्हाई. कोकणात मेंढरं बसायची तिथं इमारती उठल्या. आमचे मालक बापाला म्हणले, दादा, आता बास. मेंढरं इकली आन् त्याच पैशातनं दारात पिकप आली, जुनीच, पांढरी, खालच्या गावांची टमाटी नारायणगावच्या मार्केटला न्यायला. समद्यांनी हळदकुकू वाहिलं, नारळ फोडला, मामंजी मातर रिकाम्या वाघराच्या जागी काठीवर टेकून उभं. मी म्हणलं मामंजी, या की, बसा गाडीत, तर म्हणले, माजी मेंढरं तिच्या पोटात गेली सूनबाई, मी कसा बसू? आन् तवापासनं लेकाशी बोलणंच टाकलं. दोन वर्सं, भाऊ! एका घरात बापल्योक आन् मधी मी. मामंजी दिवसभर उभं ऱ्हायचे, पुढ्यात येक मेंढरू न्हाई तरी उभं, गुडघं सुजून भोपळ्याएवढं झालेलं.

एकदा थंडीतच, सकाळचं मालक मार्केटवरनं आले, गाडी लावून आत गेले, आन् मी पाण्याची बादली घेऊन चाललेली, हात गारठलेलं, सहज गाडीच्या तोंडाला पाठ टेकली. अगं बया! ऊब. आन् आत काय तरी टिकटिक, टिकटिक, जनावर दम खातंय असं. डोळं मिटलं, आन् खरं सांगते, खोटं कशाला बोलू, मेंढरं आली. समदी. भवती बसली. किती वेळ गेला कुणाला ठावं, मालकांनी हाक मारली तवा जागी झाले, तर बादली हातातच. म्हणलं, मामंजींना हितंच बसवायचं. पर बसायचं कशावर? बंपर म्हंजे पातळ पत्रा, त्योबी मागल्या मालकानं कुठंतरी ठोकून चेपवलेला.

नवा टाकायचाच व्हता म्हणा. ह्येंच्या मनात भरला व्हता शिंगांचा गार्ड, वर चार लाईटी. मी म्हणलं मीबी येते. ते म्हणले, बाईमाणूस बंपर घ्याय येती व्हय, लोक हसतील. हसू द्या, म्हणलं, त्येंच्या बापाचं काय जातंय! आळेफाट्याला वेल्डिंगवाल्याकडं बंपर लोखंडी घोड्यांवर मांडून ठिवलेलं. मी पदर खोचला आन् एकेकावर बसाय लागले. शिंगांचा व्हता त्यो पाइपाचा, मांडीला रुतला. दुसरा चकचकीत, त्यावरनं तर घसरलेच, आन् उन्हानं असा पोळला की आयच आठवली. वेल्डिंगवाला म्हणतोय, वहिनी, ह्यो बंपर हाय, बाकडं न्हाई. मी म्हणलं, मग बाकडं करा की राव, हात हायेत ना तुमाला? मालक लाजून पार पानटपरीवर जाऊन उभं. शेवटी एक गावला, दीड वीत रुंद, सपाट, जाड पत्र्याचा, कडा आत वळवलेल्या. बसले ती उठलेच न्हाई. म्हणलं, ह्यो. मालक परत येऊन म्हणले, आगं कशापायी, दिसतोय बघ कसला! मी म्हणलं, तुमच्या बापाला बसायला. तवा आपणहूनच वेल्डिंगवाल्याला म्हणले, खालनं दोन पट्ट्या जास्तीच्या मार, वजन धरलं पायजे.

बंपर बसला, पर मामंजी काय बसंनात. रोज सकाळी गाडी आली की मी त्यावर घोंगडी हातरायची, आन् ते येऊन घोंगडी उचलून न्यायचे. पंधरा-वीस दिवस हेच. मालक म्हणले, नाद सोड. मी कसली सोडती!

मग एक दिवस पठारावर असं धुकं, हाताचं बोट दिसंना, मी च्या घेऊन भाईर आले तर मामंजी बंपरवर बसलेलं. पाठ गाडीला लावलेली, डोळं मिटलेलं. मालक दारातच थबकले. मामंजी डोळं न उघडताच म्हणले, धापतीय की रं ही. पाणी पाजलंस का हिला? मालक म्हणले, न्हाई दादा, तापलीय, निवली की पाजतो. मामंजी म्हणले, बराबर हाय, तापल्या जनावराला लगीच पाणी दावू नये. मालक आत आले आन् चुलीपुढं बसून ढसाढसा रडले, मला म्हणतात धूर लई झालाय.

मग रोजचंच झालं ते. आता मामंजी न्हाईत. गाडीबी थकली, इकली. घेणारा म्हणला बंपरासकट पायजे, मी म्हणलं गाडी ने बाबा, बंपर काय मिळायचा न्हाई. आन् भाऊ, तुमी आल्यापासनं ज्याच्यावर बसलाय ना, भिंतीला लागून दोन दगडांवर मांडलेलं, त्योच त्यो. अवो उठू नका, उठताय कशाला, बसा. आता ऊन यील, मागची भिंत तापंल. पाठ टेका, डोळं मिटा जरा, मी च्या टाकते.