चोच कुठली, शेपूट कुठली

सून : आई, ह्या सगळ्या एकाच बाजूला बघतायत हो.

सासू : बघू देत. बिघडलं काय?

सून : बिघडलं काय म्हणजे! एका खोक्यात दोन चिमण्या, समोरासमोर, असं ठरलं होतं ना आपलं? आता बघा. ही पुढे निघालीय आणि ती हिच्या मागे. जशी काही हिने तिची चप्पल पळवलीय.

सासू : संसार असाच असतो. एक पुढे, एक मागे.

सून : उद्याच्या दिवशी तरी नको. उद्या लग्न आहे माझं.

सासू : माहीत आहे, बाई. म्हणून तर सकाळपासून पाठ मोडून घेतेय. सुनेच्या लग्नाची बिस्किटं करणारी सासू ऐकलीयेस का कुठे?

सून : नाही. म्हणून तर सगळ्यांना सांगत सुटलेय.

सासू : सांगत सुटण्याआधी त्या वाडग्यावर ओलं फडकं टाक. बोलता बोलता आयसिंग वरून सुकतं, मग कोनाचं तोंड बुजतं. आणि पंखा जरा पलीकडे कर, पिठीसाखर उडतेय.

सून : पालथ्या घालून मागच्या बाजूला काढूया का ह्या?

सासू : मागून जाळीचे वळ उठलेत. छड्या खाल्ल्यासारख्या दिसतील बिचाऱ्या. कापतानाच निम्म्या उलटायला हव्या होत्या, माझ्या ध्यानात आलं नाही. साचा एकच, त्याचं तोंड एकीकडे. करणाऱ्याने एकच करून ठेवला.

सून : पाचवीत होता ना तो तेव्हा?

सासू : पाचवीत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्यात बोट कापून घेतलं, आणि वर मलाच म्हणतो, आई, रडू नकोस. चार वर्षं झाली त्याला जाऊन. साचा बघ, अजून गंजाचा ठिपका नाही.

सून : तुम्ही दर वेळी पुसून ठेवता.

सासू : पत्रा आहे, पुसावाच लागतो. तू कड घाल. आधी घट्ट आयसिंगचा बांध, मग आत पातळ सोडायचं. बांध नीट नसला की सगळं वावरभर.

सून : येतं हो मला. सात वर्षं तुमच्याच हाताखाली शिकलेय. आई, उद्या तुम्ही ती निळी साडी नेसाल ना? इस्त्री करून ठेवलीय.

सासू : मी कुठे येतेय? बिस्किटं येतायत ना.

सून : हे कधी ठरलं?

सासू : ठरवायचंय काय त्यात? त्या लग्नाच्या कचेरीला पायऱ्या केवढ्या, माझे गुडघे असे. आणि तिथे उभी राहू तरी कोण म्हणून? नवरीची कोण?

सून : आई.

सासू : तुझी आई आहे, धडधाकट. चांगली पुढच्या खुर्चीत बसेल, रुमाल घेऊन. तिची खुर्ची मी का अडवू? आपल्यात मावससासूला नातं आहे, चुलतनणंदेला आहे, नवऱ्याच्या मामाच्या मेहुण्यालासुद्धा बोलावतात कायतरी. पण सून दुसऱ्या घरी द्यायची झाली, तर त्या बाईला काय म्हणायचं? कुणी शब्दच नाही घडवला. गाणंसुद्धा नाही.

सून : गाणी तर तुम्ही उभ्या उभ्या रचता.

सासू : हे बसतच नव्हतं. काल पीठ मळताना दोन ओळी आल्या, तेवढ्याच.

सून : म्हणा.

सासू : म्हणायचं काय, बोलून दाखवते.

लेकीला निरोप द्याया, गाणी शंभर आईला
सुनेला निरोप द्याया, एक येईना बाईला

(सून हातातला कोन घट्ट आवळते.)

सासू : कोन आवळू नकोस एवढा. राग हातात उतरला की रेघ जाडी होते. ती बघ, चिमणीला गलगंड झाला.

सून : राग येईल नाही तर काय! ह्या लग्नाचा पहिला हट्ट कुणाचा होता? मी नाही म्हणत होते तेव्हा माझ्याशी दोन दिवस अबोला कुणी धरला? आणि आता ऐन वेळी म्हणे बिस्किटं पाठवते.

सासू : हट्ट माझाच. अजूनही आहे. पण नीट ऐक. मागच्या वेळी तू सही केलीस, तेव्हा तुझ्या शेजारी माझा मुलगा होता. उद्या मी दारात दिसले की माझ्या मागून तोही आत येईल. लोक तुझ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतील, म्हातारी रडते का, हसते का. तुझा दिवस तुला पुरा मिळू दे. माझं एवढंच आहे.

सून : आणि मला तुम्ही तिथे हव्या असाल तर?

सासू : दातकोरणं दे इकडे. बुडबुडा आलाय, फोडायला हवा. वाळला की खड्डा पडतो.

(दारावरची घंटा वाजते.)

सून : तोच असणार. खोकी आणणार होता. ये, उघडंच आहे!

चष्मेवाला : नमस्कार काकू. खोकी आणली. पन्नास आहेत, एखादं चेपलं तर… चष्मा ठीक आहे ना? नंबर बरोबर वाटतोय?

सासू : नंबर बरोबर आहे. हिशेब तेवढा चुकला. चष्मा करायला आले होते मी, आणि सून घेऊन चाललात तुम्ही.

चष्मेवाला : काकू, तुम्हीच तर म्हणालात की…

सासू : म्हणाले हो. घामाघूम होऊ नका. बसा. तुटकी आहेत त्या ताटलीत, ती खा. अख्ख्यांना हात लावायचा नाही.

चष्मेवाला : वा! मासे छान झालेत.

सून : मासे?

चष्मेवाला : मासे नाहीत?

सासू : लोकांची नजर तपासतात हे.

सून : चिमण्या आहेत. पण चुकल्यात. सगळ्यांची तोंडं एकीकडेच झाली, आता जोड्या लागत नाहीत.

चष्मेवाला : चिमण्या, चिमण्या. बरोबर. मी ही बिनडोळ्याची घेतली ना हातात, म्हणून चुकलो. ही चोच, नाही का?

सून : ती शेपूट आहे.

चष्मेवाला : शेपूट? एवढी आखूड? मला तर ही चोच वाटतेय, आणि शेपूट त्या बाजूला, लांब. बघा ना, पोट इकडे खाली, मान इकडे वर. अर्थात तुमची चिमणी, तुम्हाला माहीत.

सून : थांब. हलवू नकोस. आई, बघा ना! ह्या टोकाला डोळा काढला तर ही तिकडे तोंड करते! उरलेल्या निम्म्या अशा काढल्या की झाल्या जोड्या. आई?… काय झालं?

सासू : काही नाही.

सून : असं काय बघताय मग?

सासू : तोही हेच म्हणायचा.

सून : कोण?

सासू : ज्याने साचा केला तो. पहिल्यांदा ह्यात बिस्किटं कापली, मी डोळा काढला, तर हा पाय आपटत आला. आई, तू उलटी काढलीस, ती शेपूट नाही, चोच आहे. मी म्हटलं, एवढी बोथट चोच असते का कुठे, तुला मेल्या चिमणी माहीत आहे का? मोठा झाला तरी म्हणायचा. मी ऐकलं नाही. मला वाटायचं, चिडवतोय.

चष्मेवाला : मला हे… मी उगीच बोललो का?

सासू : नाही. तुम्हाला नीट दिसलं. द्या तो काळा कोन. ह्या बाजूला ना?

चष्मेवाला : हो. थोडा वर. हां, तिथेच.

सून : बघा, झाली की वळून.

सासू : झाली खरी. बोथट तर बोथट. दाणा टिपायला पुरेल. आता तिच्यासमोर ती दुसरी ठेव… बरं दिसतंय.

चष्मेवाला : मी झाकणं घेऊन येतो, गाडीतच राहिली. उद्या सकाळी सगळी खोकी डिकीत टाकतो, म्हणजे…

सासू : डिकीत? टाकतो? अरे, विटा आहेत का त्या? एक खड्डा लागला की पंख इकडे, चोच तिकडे. आडवी न्यावी लागतात, मांडीवर धरून, वळणावर तोल सांभाळत.

चष्मेवाला : मग काकू, धरणार कोण?

सासू : ते बघू. तू आधी झाकणं आण. जिन्यात दिवा नाही, सांभाळून उतर.

सून : त्याला अरे-तुरे केलंत.

सासू : विटांसारखी बिस्किटं नेणाऱ्याला अहो-जाहो कोण करेल? कड घाल तू.

सून : घालतेय. पण खरंच, धरणार कोण? माझ्या आईला गाडी लागते. मी तर नवरी.

सासू : त्याला सांग, पुढची जागा रिकामी ठेव. आणि गाडी बैलगाडीसारखी हाकायची, घाई नाही.

सून : सांगते. तिथे कुणी विचारलं, ह्या कोण, तर काय सांगू?

सासू : सांग, बिस्किटवाली.

सून : आणि कुणी विचारलंच नाही तर?

सासू : तर हात धर माझा. पायऱ्या फार आहेत म्हणतात.