डावी बाजू

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल, मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार, सकाळचे दहा — तेव्हा तुम्ही जन्मला होतात का, हवालदार? नव्हतात ना. मग मला इथून हलवू नका. परवानगी पलीकडच्या बाजूला आहे, दोरी तिकडे लावलीय, चाळीस फोटोवाले तिकडे उभे आहेत — दिसतात मला, डोळे शाबूत आहेत. ऊन तिकडे आहे हेही मला शिकवू नका. इंजिनाचा फोटो काढायचा तर उन्हाच्या बाजूनं काढायचा, हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही, रोल वाया घालवून शिकलो. रुळापासून दहा पावलं लांब आहे मी. मोजा. पस्तीस वर्षं इंजिन शेडमध्ये बॉयलर धुतलेत, गाडीखाली यायचं असतं तर तेव्हाच आलो असतो.

मग इकडे कशाला उभा आहे म्हणता — म्हणालात ना? नाही? तरी सांगतो, गाडीला अजून वेळ आहे. आज येतेय ती आमची थोरली. शेडमध्ये तिला हेच नाव होतं. पंचवीस वर्षं गवतात गंजत पडली होती, आता रंग देऊन एक दिवस मिरवतायत. कोळशाची इंजिनं बंद झाली त्या वर्षी तिची शेवटची फेरी होती, आणि तिच्या ड्रायव्हरचीही. तो लांब्या. उंच म्हणून लांब्या. त्याच्या घराला माझं घर, भिंतीला भिंत. आयुष्यात त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली — तू इंजिनांचे ढीगभर फोटो काढतोस, एक माझा काढ, थोरलीवर बसलेला. ड्रायव्हरची जागा डावीकडे असते. म्हणून ठरलं, मी डावीकडे उभं राहायचं, इथेच, या दगडापाशी, आणि त्यानं बाहेर डोकवायचं. वहिनींनी त्याच्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. कोळशाच्या इंजिनावर पांढरा शर्ट — हसा, मीही हसलो होतो.

थेंब यायला लागले बघा. हे दिवसच असे, घटकेत ऊन, घटकेत पाऊस. छत्री उघडताय तर कॅमेऱ्यावर धरा, माझ्यावर नको. हां, अशी.

तर त्या दिवशीही हेच. सकाळपासून आभाळ. आभाळ असलं की दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे मी इथे मुकाट उभा होतो. आणि गाडी यायच्या तोंडावर ढग फाटले. पलीकडे असं ऊन पडलं, असं — रूळ चांदीचे झाले, झाडाचं पान न् पान वेगळं दिसायला लागलं. मी गेलो पलीकडे. सिग्नल पडला, परत यायला वेळ राहिला नाही. एवढंच झालं. फोटो? फोटो आयुष्यातला सगळ्यात चांगला आला. वाफ, चाकं, धुराची शेपटी, सगळं जागच्या जागी. रेल्वेनं कॅलेंडरवर छापला, खाली बारीक अक्षरात माझं नाव. लांब्याच्या घरी अजून टांगलाय. नातू विचारायचा, यात आजोबा कुठेत? वहिनी बॉयलरवर बोट ठेवायच्या — याच्या पलीकडे.

असं काय बघताय? वेळ नव्हता म्हणालो ना. — सिग्नल पडल्यावर गाडी इथे यायला चार मिनिटं लागतात. रूळ ओलांडायला मला तेव्हा अर्धं मिनिट पुरायचं. झालं समाधान? वेळ होता. मी हललो नाही. इकडे सावली होती, सावलीत थोरली काळी ठिक्कर आली असती, आणि तसला फोटो मी काढत नव्हतो. मी. बॉयलर धुणारा.

आणि लांब्याला काय सांगितलं ते विचारू नका. त्याला सांगितलं, आपलं उजवीकडे ठरलं होतं, तूच भलतीकडे बघत बसलास. तोंडावर सांगितलं, वहिनींच्या देखत. तो म्हणाला, असेल. बस, एवढंच म्हणाला. पुढे फाटकवालीनं सांगितलं — पांढऱ्या शर्टातला माणूस पुलापर्यंत बाहेर वाकून, हात वर करून, या बाजूला कुणाला तरी शोधत गेला. पंचवीस वर्षं रोज त्याचा खोकला भिंतीतून ऐकतोय. भांडला असता तर मीही भांडलो असतो, मला भांडता येतं. तो चहाला बोलवायचा.

त्र्याऐंशीचा आहे आता. आज चालवू देणार नाहीत, मान म्हणून नुसता त्याच्या जागेवर बसवलाय. रात्री मी भिंतीवर थाप मारली आणि म्हणालो, उद्या डावीकडे. पलीकडून नुसता खोकला आला. त्यानं तरी का विश्वास ठेवावा?

शिट्टी. ऐकलीत? थोरलीच. मागे व्हा, मधे येताय. वारा बघा, नेमका आत्ता फिरला, धूर सगळा माझ्या अंगावर आणतोय — आणू दे. ऊन गेलं. तिकडे बघा, चाळीस जण आभाळाकडे तोंड करून हळहळतायत. हळहळू दे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. नाही, हवालदार, हात धरू नका. तुमच्या साहेबाला सांगा म्हातारा ऐकत नव्हता, खरंच सांगा, पण हात सोडा.

खिडकी रिकामी आहे. कुणी नाही. धूरच धूर — लांब्या, अरे इकडे, इकडे आहे मी, डावीकडे — पांढरं दिसतंय. पांढरं आहे ते. वाकलाय. हात वर केलाय त्यानं.

काढला.

घ्या मिटून तुमची छत्री.