सासूबाईंचा हट्टी फोन

मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. शपथेवर सांगतो, सून घामाघूम झाली होती.

"आई, थांबा! फोनची सिस्टिम नवी करून घेऊ नका."

"का गं? जुनी म्हणून तूच नाकं मुरडायचीस ना?"

"आमच्या ऑफिसानं बनवलेलं रुग्णवाहिका बोलवायचं अ‍ॅप चाचणीत चाळीस फोनांवर चाललं. फक्त तुमच्या फोनवर बटण दाबलं की गप्प!"

"म्हणजे खोट माझ्याच फोनात!"

"खोट आमच्या कामात आहे. याची सिस्टिम बदलली तर ती सापडायची नाही, आणि अ‍ॅप उद्या लोकांच्या हाती जातंय."

"असले फोन आणखी किती म्हाताऱ्यांकडे असतील?"

"तीच तर धाकधूक आहे, आई."

"ओ दुकानदार, आणा तो फोन इकडे! चल गं तुझ्या ऑफिसात. पण बटण मीच दाबणार. बंद पाडायचा हातगुण माझा आहे."