त्याच मॅडमना पाठवा

तुम्हाला वाटतं मोहालीत माझं मस्त चाललंय, म्हणून हे सांगतेच. गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात तयार झालं. जवळजवळ सगळं मी लिहिलेलं. पण क्लायंटला दाखवायला उभे राहिले आमचे मॅनेजर, सोढी सर.

सर बोलायला लागले आणि प्रोजेक्टरवरचा माउसचा कर्सर लुकलुकत गायबच झाला. "मॅडम जी, ज़रा देख लो यार," सर मला म्हणाले. मी लॅपटॉपपाशी वाकून बघितलं, तर सकाळच्या अपडेटमध्ये डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला होता. जुना परत बसवला, कर्सर आला.

तेवढ्यात क्लायंटने एक अवघड प्रश्न विचारला. सर अडखळले, म्हणून वाकल्या वाकल्याच मी उत्तर दिलं.

क्लायंट खूश. "आपकी सपोर्ट वाली मॅडम बड़ी तेज़ हैं."

सर हसून म्हणाले, "हां जी, बहुत काम आती हैं." सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, ते त्यांनी सांगितलंच नाही. पाहुण्यांसमोर मी तरी काय बोलणार?

पुढच्या आठवड्यात क्लायंटचा निरोप आला, त्याच मॅडमना पाठवा. मला फार बरं वाटलं. निदान एकाला तरी कळलं होतं. पुढच्या कामाचा आराखडा घेऊन मी त्यांच्या चंदीगडच्या ऑफिसात गेले. त्यांनी आदराने बसवलं, चहा मागवला आणि स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मॅडम, इसका भी कर्सर गायब हो जाता है."