आईच्या उंबऱ्यापर्यंत

तुम्हाला सांगतो, केटामिनची भूल दिली की पेशंटला स्वप्नं फार पडतात. मुरबाडला एका मावशींची मांडीवरची गाठ काढताना मी तीच दिली होती. शुद्धीवर येताच त्या माझ्यावरच चिडल्या.

"काय घाई होती तुमाला? धरणात गेलेल्या आमच्या गावात फिरत होते मी. आईच्या उंबऱ्यापर्यंत पोचले, तेवढ्यात तुमी हाका मारल्यात."

पुढे टाके काढायला आल्या, तेव्हा आडव्या पडून त्यांनी आपणहून हात पुढे केला.

"द्या सुई."

"मावशी, टाके काढायला भूल लागत नाही."

त्या दुसरी मांडी चाचपत म्हणाल्या, "हितं बगा ना, आसंल एखादी गाठ. माझं आत जायचं रायलंय."