शेवटचा तवा

स्टँडवर आवडाबाई खुलताबादच्या गाडीकडं डोळे लावून बसल्या होत्या, पण कान शेजारच्या बाकड्यावर होते. तिथं सगीराखाला चादरीत बांधलेली रेकॉर्डचे तवे वाजवायची पेटी एका शौकीन गिऱ्हाइकाला दाखवत होत्या.

"खाला, तवे आपोआप पडतात ना अजून? तो खट्ट आवाज ऐकायलाच मी अशा पेट्या जमवतो."

"पडतात की. एक वाजून झाला की वरचा दुसरा पडतो. कुणी उठायचं काम नाय."

"आणि शेवटचा?"

"त्यो पुन्हा पुन्हा वाजत राहतो."

"ही वरची दांडी बाजूला सरकवलीय म्हणून. तव्यांवर आणली की पेटी आपसूक बंद होईल."

"ठावं हाय. आमच्या यांनीच सरकवली. लकवा झालेला, पडून असायचे. शेवटचं गाणं लई आवडीचं. मन भरलं की डाव्या हातानं खटका दाबायचे."

"असं व्हय."

"एक दिवस मी कामावरून आले, तर गल्लीतल्या बाया हसून म्हणाल्या, साहेबांचं आज एकच गाणं चाललंय सकाळपासून."

"...खाला, दांडी अशीच राहू देऊ?"

"नको, बेटा. तव्यांवर ठेवत जा. संपलं की बंद होऊ दे."