लाल अंबरीचा वास

काकी, शेजारीपाजारी, आणि आपापल्या हातगाड्या झाकून आलेले सावंतकाकांचे धंद्यातले सोबती,

काय बोलायचं ते मी घरून लिहून आणलंय. पण वाचवत नाहीये. म्हणून जे बोलायचं टाळत आले, तेच बोलते.

शांती नगरात आपल्या गेटबाहेर काकांची फळांची गाडी असायची. रत्नागिरीचा माणूस आणि जीव सफरचंदावर! आपण चिडवायचो, "काका, हापूसला कळलं तर?" ते म्हणायचे, "तुम्ही सांगू नका म्हणजे झालं." आणि आधी एक फोड कापून हातावर ठेवायचे. चाखल्याशिवाय घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी लाल अंबरी नावाचं सफरचंद आणलं. मी फोड न खाताच म्हणाले, "काका, हे तर साधं डेलिशिअस. नाव बदलून विकताय होय?" सोसायटीच्या ग्रुपवरही तसंच लिहिलं. त्याखाली अंगठे पडले, तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगते.

काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला थांबवलं. "ताई, डोळे मिटा." एका हातात डेलिशिअस दिलं, दुसऱ्या हातात लाल अंबरी. "आता वास घ्या."

दुसऱ्या हातातला सुगंध मला आजही आठवतो.

"काश्मीरातच तयार केलेली संकरित जात आहे, ताई. एकीकडून रेड डेलिशिअस, दुसरीकडून तिथली जुनी अंबरी. लाली डेलिशिअसची, वास अंबरीचा. गर पांढरा, कुरकुरीत, रसाळ. आणि टिकते किती! तुम्ही नुसता रंग बघितलात."

मी माफी मागितली. पण एकट्या काकांची. घरी येऊन डायरीत चूक लिहिली, तारखेसकट. ग्रुपवर नाही लिहिली. उद्या लिहू, उद्या लिहू. का नाही लिहिली? लाज वाटली, दुसरं काय?

पुढच्या हंगामात काकांनी लाल अंबरी आणलीच नाही. विचारलं तर हसले. "लोक विचारतात ताई, खरी आहे का. किती जणांना डोळे मिटायला लावू?"

मंडळी, ते सफरचंद खरं होतं. काका खरे होते. चुकले मी. काकी, हे ते असताना बोलायला हवं होतं.

आता आपण उभे राहूया. दोन मिनिटं शांत.

काका, आज आम्ही सगळेच डोळे मिटतोय.